दानीएलने थांबवलेला लगदा

नेवासा तालुक्यातल्या एका कागद गिरणीत दानीएल ओहोळ एकतीस वर्षं ब्लीचिंगवर होता. उसाच्या चिपाडाचा तपकिरी लगदा पांढरा करायचा, म्हणजे त्यात क्लोरीन सोडायचा आणि उडालेला आपल्या छातीत भरून घ्यायचा. पाळीवर जाताना गेटवर प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. घशाच्या आगीवर गिरणीने एवढंच औषध शोधलं होतं! जोडीदार छगनला तर खोकल्याशिवाय एक वाक्य पुरं करता येत नव्हतं.

म्हणून एन्झाइमची चाचणी ठरली तेव्हा दानीएल हरखला. लगद्यात आधी हे एन्झाइम दोन तास मुरू दिलं, की क्लोरीन कमी लागतो, असं पुरवठादाराच्या माणसाने समजावलं होतं. पण तीन दिवस झाले तरी फरक पडेना. चौथ्या दिवशी विभागाचे मॅनेजर अमृतसाहेब अहवाल घेऊन आले. 'एन्झाइम निरुपयोगी.' खाली ऑपरेटरची सही हवी होती.

दानीएलचं डोकंच फिरलं. टनांचा आकडा गाठायला साहेबांनीच लगद्याची धुलाई अर्ध्यावर आणली होती. लगदा चिपाड शिजवायच्या कॉस्टिक सोड्याने बुळबुळीत, वर ऐंशी अंश तापलेला. त्यात एन्झाइम टिकणार कसं?

"साहेब, उकळत्या दुधात विरजण घालून दही लागतं व्हय?"

"ओहोळ, मला शिकवू नका. सही करा."

"न्हाई करनार. एक पाळी माज्या हातानं हू द्या."

"आणि उत्पादन कोण देणार, तुमचा पाद्री?"

छगन खोकत खोकतच म्हणाला, "पाद्री बरा, साहेब. त्यो निदान मातीला तरी येतो."

साहेब पाय आपटत निघून गेले. दानीएलने धुलाईचं पाणी पूर्ण सोडलं. लगदा चिमटीत चोळून पाहिला, बुळबुळ जाईपर्यंत धुतला, पन्नास अंशांवर येऊ दिला, मग एन्झाइम घालून दोन तास टाकी बंद ठेवली. संध्याकाळी पांढरेपणा नेहमीइतकाच भरला आणि क्लोरीन पाचव्या हिश्श्याने कमी लागला. लॅबच्या पूजाताईंनी आकडा दोनदा तपासला.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. तिच्यात क्लोरीनबद्दल एक शब्द नव्हता. 'उत्पादन तीन तास का थांबवले, लेखी खुलासा करावा.' एकतीस वर्षं माणसांच्या छात्या भाजल्या, त्याचा खुलासा कुणी कुणाकडे मागितला होता? दानीएलने पूजाताईंचा तक्ता जोडला आणि खाली लिहिलं, 'थांबवले. उद्याही थांबवीन.' त्याचं नाव लिहून होण्याआधीच छगनने पेनासाठी हात पुढे केला. त्याच्या मागे अख्खी पाळी उभी होती.