सासूबाई आणि सायलेन्सर

चांगली चालणारी वस्तू उघडून बघायची आणि पुन्हा मिटता आली नाही की वस्तू करणाऱ्याला नावं ठेवायची, ही खोड काही पुरुषांना जन्मजात असते. आमच्या ह्यांना होती. भिंतीवरचं घड्याळ, रेडिओ, माझं शिवणाचं मशीन, सगळ्यांची पाळी येऊन गेली होती. कलकत्त्याला बदली झाल्यावर ह्यांच्या हाती मोटार लागली, तेव्हाच मी कपाळाला हात लावायला हवा होता.

इंग्रज साहेब त्या काळात सामानसुमान विकून विलायतेला परत चालले होते. त्यातल्याच एकाची जुनी, लहानशी गाडी ह्यांनी घेतली. गार्डन रीचला ऑफिसच्या जवळच आम्हाला सरकारी घर होतं, तळमजल्याचं, पुढे व्हरांडा. ऑफिसला चालत जाऊन सहज भागलं असतं. पण गाडी आली म्हटल्यावर हे दुपारी जेवायलाही गाडीतूनच येऊ लागले. गाडीचा आवाज म्हणाल तर दमेकऱ्याचा. वळणावर खोकायची, गिअर बदलताना कुरकुरायची आणि फाटकाशी येऊन धापा टाकत थांबायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माणूस घरी आला एवढं कळलं की पुरे.

आणि ते कळणं आमच्या घरात फार महत्त्वाचं होतं. सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत, अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू. तोवर त्यांना उजेड आणि सावली यापलीकडे काही दिसत नव्हतं. ज्या बाईने जन्मभर मोठ्या खटल्याचा स्वयंपाक ओढला, तिला मी विळीला हात लावू देत नव्हते, शेगडीपाशी तर फिरकूही देत नव्हते. बाहेरची भाषा त्यांना येत नव्हती. शेजारच्या बंगाली बाई मायेने काहीबाही विचारायच्या, त्यावर ह्या नुसत्या हसून मान हलवायच्या. हाताशी एकच काम उरलं होतं. जेवणाच्या वेळी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसायचं आणि गाडी वळणावर खोकली की आत हाक मारायची, "तवा ठेव गं."

आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट पानात पडायची. ही सासूबाईंच्या घरची रीत आणि ह्यांची जीभ त्याच रीतीवर पोसलेली. कोळशाच्या शेगडीवर तवा तापायला वेळ लागतो. गाडी आत येऊन हे हातपाय धुऊन पाटावर टेकेपर्यंत तो बरोबर तापायचा. रस्त्यावर गोदीकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची सारखी ये-जा असे, पण त्यातून सासूबाई आपली गाडी नेमकी ओळखत. हे जेवताना म्हणत, "आज पोळी मस्त झालीय," तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. लाटायची मी, भाजायची मी, पण पोळी त्यांची असायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मग क्लबात कोणीतरी ह्यांना म्हणालं, तुझी गाडी शिवणाच्या मशीनसारखी वाजते. झालं. हे घरी आले ते तोंड पाडूनच. रविवारी मैदानाच्या बाजूने लांबलचक अमेरिकन गाड्या जात, त्यांचा कसा दमदार, खर्जातला आवाज असतो, यावर मला व्याख्यान ऐकावं लागलं. शेवटी हावड्याच्या एका गल्लीतला मिस्त्री ह्यांनी शोधून काढला. तो सायलेन्सर कापून आवाज अडवणारे आतले पडदे काढून टाकायचा आणि मागे जाड नळी जोडून द्यायचा. इंजिन तेच, ताकद तीच, चढावर रडणंही तेच, फक्त आवाज मोठा.

मी म्हटलं, "अहो, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं कशाला?"

"तुला त्यातलं कळत नाही," हे म्हणाले. हे वाक्य ह्यांच्या जिभेवर कायम तयार असे.

नव्या आवाजाची गाडी पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या बाई पदर सावरत बाहेर आल्या. सासूबाई म्हणाल्या, "मेली लॉरी आज आपल्याच दाराशी आणलीय." आणि हे समोर उभे. तवा थंड.

"आलास? मला ऐकू कसं नाही आलं रे?"

आम्ही दोघांनी त्यांना नीट समजावलं. सायलेन्सर बदललाय, आवाज वेगळा झालाय, तुमचे कान ठणठणीत आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "असू दे. डोळे गेले तेव्हाही तुम्ही असंच म्हणत होता, दिवा बारीक आहे म्हणून."

खरंच म्हणालो होतो.

तरीही त्या नवा आवाज शिकल्या असत्या. पण एका आवाजावर समाधान मानतील तर ते आमचे हे कसले? या रविवारी नळी लांब कर, पुढच्या रविवारी आखूड कर, मग तोंडाशी कर्णा जोड. कधी गाडी डरकाळी फोडायची, कधी घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी घुमायची. सासूबाई एखाद्या लॉरीला फसून हाक मारायच्या, तवा लाल होऊन जायचा आणि हे यायचे नाहीत. मग हे यायचे तेव्हा हाक नसायची. एक दिवस त्यांनी व्हरांड्यातली खुर्ची सोडली आणि आतल्या खोलीत माळ घेऊन बसल्या. "तुझं तू बघ गं," म्हणाल्या. "माझ्या भरवशावर राहू नकोस."

मला भयंकर राग आला. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "तिला समजावलंय ना आपण?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा मी ठरवलं, जोवर आई "तवा ठेव" म्हणत नाहीत तोवर या घरात दुपारी तवा चढणार नाही. सकाळीच पोळ्या करून डब्यात भरून ठेवू लागले. हे पाटावर बसले की गार, वातड पोळ्या वाढायच्या आणि समोर बसून वारा घालायचा. आईचं गप्प होणं ज्यांना दिसलं नव्हतं, त्यांना पोळीचं गार होणं मात्र पहिल्याच घासाला कळलं. पुरुषांना अक्कल पोटातून येते, डोक्यातून नाही.

मग उलटा प्रवास सुरू झाला. कापलेला सायलेन्सर तर भंगारात गेला होता. मिस्त्रीने नवा डबा बनवला, आत पडदे बसवले, हे दर रविवारी हावड्याहून विजयी मुद्रेने यायचे, "अगदी पहिल्यासारखा," म्हणायचे आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज यायचा, "कोण आलंय गं?"

शेवटी मीच म्हटलं, "ज्यांच्या कानासाठी चाललंय त्यांनाच घेऊन चला."

सासूबाई यायला तयार नव्हत्या. "बहिरीला कशाला नेताय?" म्हणाल्या. पण मी त्यांना नऊवारी नेसवून गाडीत बसवलंच. पूल ओलांडून त्या गल्लीत पोचलो. सगळीकडे ठोकाठोकी, लेथची घरघर. मिस्त्रीने एक खोकं झाडून त्यावर स्वच्छ फडकं घातलं आणि "बोशून मासिमा," म्हणत त्यांना बसवलं.

त्याने गाडी सुरू केली. सासूबाईंनी मान हलवली. नाही. त्याने डबा उघडून आत लेथवरचा लोखंडी कीस ठासला, पुन्हा जोडला. नाही. आणखी कीस भरला. नाही. हे त्यांच्या कानाशी वाकून विचारत होते, "आता? आता गं?" मिस्त्री घामाघूम झाला होता. मला वाटलं, मीच हात दाखवून अवलक्षण केलं. आता सासूबाईंची उरलीसुरली आशाही जाणार.

तेवढ्यात सासूबाई वैतागून म्हणाल्या, "अरे, कानाशी काय वाजवतोस? गाडी मी कधी अशी जवळून ऐकलीय? ती लांबून येते, वळते, मग मला कळते."

इतके रविवार ते दोघे शहाणे आणि आज मी तिसरी, नळीच्या तोंडाशी कान लावून आवाज जुळवत होतो.

मिस्त्री गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. सासूबाई जरा घुटमळल्या. "जवळपास आहे," म्हणाल्या, "पण आपली नव्हे." तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही चालवा. रोज काय तो घेऊन येतो का?"

हे गेले. गल्लीच्या तोंडाला ट्राम ओरडली, एक हातगाडी खडखडत गेली. मी सासूबाईंच्या शेजारी उभी होते, त्यांचा हात माझ्या हातात होता. मला मनातून फार भीती वाटत होती. मग पलीकडच्या वळणावर काहीतरी खोकलं. गिअर बदलताना ह्यांचा हात नेहमी अडखळतो तसा अडखळला, गाडी कुरकुरली.

सासूबाईंनी माझा हात सोडला. पदर नीट केला, जिथे मी घरी शेगडीपाशी असते त्या बाजूला तोंड वळवलं आणि त्या लोखंडाच्या रगाड्यात, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "तवा ठेव गं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "ठेवते, आई," मी म्हटलं.

हे गाडीतून उतरून धावत आले. "काय म्हणाली? जमलं का?"

"घरी चला," मी म्हटलं, "कणीक भिजवायचीय."