स्क्रीनशॉटवर चालणारं ॲप

माझं ॲप आमचं अख्खं झरी गाव वापरतं, आणि कंपनी म्हणते ते कुणीच वापरत नाही.

शेतातल्या मोटारींसाठी थ्री-फेज लाइन आज कधी येणार आणि कधी जाणार, एवढंच ते सांगतं. सबस्टेशनला विचारून वेळा रोज मीच भरतो. ॲप स्टोअरवर टाकायचं तर आधी काही लोकांनी आपापल्या फोनवर ते सलग वापरून दाखवायचं, असा नियम. लोकांनी हौसेनं घेतलं आणि दोन-चार दिवसांत काढूनही टाकलं. कारण पारावरचा एक जण रोज सकाळी ते उघडतो, स्क्रीनशॉट काढतो आणि गावाच्या ग्रुपवर टाकतो. मग बाकीच्यांनी फोनमधली जागा कशाला अडवायची?

स्टोअरवाल्या कंपनीचा मेल आला, "तुमचं ॲप पुरेसं वापरलं जात नाही." माझं डोकंच फिरलं. अरे, इथं पेपरसुद्धा एकच येतो आणि सगळा पार वाचतो! हे सगळं मी सविस्तर लिहून पाठवलं. उत्तरात तेच वाक्य, शब्दसुद्धा न बदलता. माणसानं वाचलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

माझे काका राहतात पिंगळीला, पण त्यांची शेती झरीत, म्हणून तेही त्या ग्रुपवर आहेत. परवा घरी आले आणि तोच स्क्रीनशॉट माझ्या नाकासमोर धरला.

"दिवसभर कंप्युटरपुढं बसून काय करायलास रे तू? हे बघ, लोकं कसलं कामाचं बनवायलेत. असलं कायतरी बनव की!"