बावीस माणसांचा जॉबर

मोठी लढाई संपली त्या साली भिकाजी परळच्या एका गिरणीत जॉबर झाला. सूतखात्यात माणसं भरायची नि काढायची सत्ता त्याच्या हाती आली आणि हातखंब्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्याच्या वाडीला स्वर्ग दोन बोटं उरला. कापडाला असा उठाव होता की गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दोन-तीन वर्षांत वाडीतले बावीस बाप्ये त्याने तिथे चिकटवले. एकच गिरणी, एकच खातं, एकच खोली. दोघं-तिघं गोदीत घाल, असं चुलतभावाने सुचवलं, तर हा हसला. आपली माणसं आपल्या नजरेखाली बरी, म्हणाला. भिकाजी मूर्ख नव्हता हो, पण मिशीला पीळ भरला की माणसाला पुढचं दिसत नाही.

पुढे जपानी कापड स्वस्तात येऊ लागलं, मग साऱ्या जगातच मंदी आली, आणि तेहतीस साली मालकाने टाळं ठोकलं. बावीसही माणसं एका दिवसात घरी बसली. भिकाजीने दुसऱ्या गिरण्यांचे उंबरे झिजवले. पण तिथले जॉबर आपापल्या गावची माणसं धरून बसलेले. त्याने तरी दुसरं काय केलं होतं? सगळे हात हलवत बोटीने रत्नागिरीला उतरले.

फाल्गुनात एका ओळखीच्या जॉबरचं कार्ड आलं. एक जागा आहे, सोमवारपर्यंत माणूस पाठव. जन्मभर कुणाला न विचारता माणसं निवडणारा भिकाजी या वेळी बिचकला. एकाला पाठवायचं तर बाकीच्यांचे तळतळाट कोण घेणार? त्याने ग्रामदेवीला कौल लावायचं ठरवलं. देवीच्या अंगावर लावलेलं फूल ज्याच्या नावाला पडेल, तो जाईल. पण कौलाला सगळे हजर हवेत, आणि दोघे सासुरवाडीला गेलेले. ते येईतो तीन दिवस गेले. फूल रावजीच्या नावाला पडलं. रावजी गेला आणि आठवड्याने परत आला. जागा सोमवारीच भरली होती.

आता शिव्या खायच्या म्हणून भिकाजी ओटीवर बसून राहिला. त्या मिळाल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. पण कुणी चकार शब्द काढला नाही. दोन दिवसांनी रावजीची बायको तुळसा तेवढी अंगणात आली.

"भावजी, आमचं धनी पेणच्या मिठागरावर जातो म्हनतात. तुमी परत गिरनीत लावनार असाल तर थांबवते. तेवढां सांगा."

तिच्या तोंडावर संशयाचा लवलेश नव्हता. भिकाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबव," तो म्हणाला. "पावसाळा सरला की लावतो सगल्यांना."

त्यांची गिरणी उघडणार नव्हती नि दुसरी कुठली त्यांना घेणार नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुळसाने त्याचा शब्द वाडीभर सांगितला आणि रावजीबरोबर आणखी चौघांनी मिठागराचा बेत सोडला. खरं सांगायला भिकाजी दोनदा पायरी उतरला, आणि दोन्ही वेळा परत वर येऊन बसला.