पोळ्याच्या रंगाखालची चीर

सायकल कुरकुरायला लागली की तुम्ही काय करता? तेल सोडता. थांबली नाही तर दुकानात टाकता, तरी नाही थांबली तर नवी घेता. बरोबर ना? मग मंजुळाबाईनं काय करावं तेही सांगा.

मंजुळाबाई जळगावच्या एका डाळ मिलमध्ये तूर निवडते. तिचं गाव हायवेपासून बरंच आत. सकाळची पहिली एसटी शहरात पोचते तोवर मिलचं गेट लागलेलं असतं आणि गेटाबाहेर बदलीच्या बाया उभ्याच असतात. उशिरा आलेलीच्या जागी दुसरी बसते, आणि एकदा बसलेली मग उठत नाही. मी या बायांची युनियन चालवते; यावरून मुकादमाशी भांडलेय, त्याची अब्रू काढलीय. गेटाची वेळ काही बदलली नाही.

म्हणून ती सायकलीवर येते. सायकल नवऱ्याची, कौतिकची. जड, दुहेरी दांड्याची. त्याला लकवा मारला तेव्हापासून साडीचा काचा मारून हीच चालवते. दवाखान्याच्या दिवशी त्याला मागं कॅरियरवर बसवते, उपरण्यानं स्वतःच्या कमरेला बांधते आणि निघते.

दिवाळीनंतर सायकल वाजायला लागली. कट्, कट्. चढावर तर जास्तच. तिनं घरातलं शेंगदाण्याचं तेल चेनला पाजलं. धूळ चिकटून त्याचा नुसता गाळ झाला. गावातल्या दुकानदारानं पायडल बदललं, मग कॉटर पिना बदलल्या, मग चेन. प्रत्येक वेळी म्हणाला, आता बघ. आवाज होता तिथंच.

"बठ्ठं बदली टाकं अक्का," ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "आता मीच बदलनी ऱ्हायनू."

तिला घेऊन मी अजिंठा चौफुलीजवळ भूपेंद्रच्या सायकलीच्या दुकानात गेले.

"काय अक्का, आज सायकलीचा मोर्चा?"

"तोंड कमी चालव, हात चालव."

त्यानं मागचं चाक उचलून पायडल हातानं फिरवलं. आवाज नाही. म्हणजे चेन नाही, पायडलही नाही. गावातला सगळा खर्च पाण्यात. मग मंजुळाबाईला म्हणाला, "मावशी, सीटवरून उठून उभ्यानं चालवा." ती रस्त्यावर एक फेरी मारून आली. आवाज वाढला. म्हणजे सीटही नाही. मग त्यानं दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि सायकल जागच्या जागी पुढं-मागं रेटली. कट्.

"हँडलात आहे," मी म्हटलं.

"अक्का, भाषण नंतर. तो पाना द्या."

हँडल उतरलं, पुढचं चाक धरणारा चिमटा उतरला. बेअरिंगच्या वाट्या घासलेल्या नव्हत्या, छर्रे धड होते. ग्रीस भरून त्यानं सगळं परत आवळलं आणि रेटून पाहिलं. कट्. हँडलाखाली, जिथं खालची तिरपी नळी येऊन मिळते, त्या सांध्यावर त्यानं बोटं ठेवली आणि मला म्हणाला, "रेटा." मी रेटलं. त्यानं पान्याचं टोक घेतलं आणि रंग खरवडायला लागला.

"खुरचू नको रे भाऊ!" मंजुळाबाई ओरडली. "पोयाना रंग शे तो!"

बैल विकले त्या वर्षापासून यांच्या घरी पोळ्याला सायकल पुजतात. नदीवर नेऊन धुतात, हँडलाला बेगड बांधतात, पुरणपोळीचा घास चाकाला लावतात. आणि शिंगांना लावायचा तोच तेलरंग फ्रेमला फासतात. लाल, मग निळा, मग परत लाल. थर नखाएवढा जाड झालेला. दरसाल तिनं स्वतःच्या हातानं, कौतिक खाटेवरून दाखवील तसा, नेमक्या त्याच सांध्यावर दोनदा ब्रश फिरवला. तिथं रंग लवकर उडायचा म्हणून!

रंगाखाली काळी चीर होती. अर्ध्या नळीभोवती गेलेली.

भूपेंद्रनं वेल्डिंग करून पाहिलं. नळी आतून गंजून पातळ झालेली, ज्योत लागताच भोक पडलं. शेवटी पत्र्याची पट्टी गुंडाळून नट-बोल्टनं आवळली आणि म्हणाला, "मावशी, ही आता चालवायची नाही. मोडली तर तोंडावर पडाल. मागून ट्रक येतात."

"मंग उद्या मी कशी जाऊ, सांग."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कुणाकडं पाहू?

माझी सायकल दिली. कौतिक मागं बसताच कॅरियर वाकलं, मागचं चाकही बाद झालं. दुकानं फिरले. गिअरच्या रंगीत सायकली आहेत, माणूस वाहून नेणारी नाही. एका दुकानात होती. तिची किंमत मी मंजुळाबाईला ऐकवलीच नाही. भंगारवाल्यांकडं गेले तर फ्रेमा आधीच तोडून विकलेल्या.

मंजुळाबाई आजही त्याच चिरलेल्या सायकलीवर गेलीय. पट्टीखालून आवाज येतोच. पुलाच्या चढावर उतरून ढकलते, म्हणून घरातून आणखी लवकर निघते. परवा कौतिकला घेऊन दवाखान्यात यायचंय. नको म्हटलं, तर म्हणाली, "मंग तू उचलीसन लई जाशी का?"

जुनी, जड, दुहेरी दांड्याची सायकल तुमच्याकडं नुसती पडून असेल, तर तेवढी फ्रेम द्या. चाकं नसली तरी चालेल. चौफुलीजवळ भूपेंद्रच्या दुकानात आणून टाका, आणि परवाच्या आत आणा.