मिठाची निळी पुडी

काल इथे टोकियोत, निशी-कसाई भागातल्या दुकानात विलायती वेफर्स मिळाले. पाकिटात मिठाची तीच निळी पुडी निघाली आणि शरमेने माझी मान खाली गेली.

बारा वर्षांपूर्वी लंडनहून परतताना मी असलीच पाकिटं ऑफिसात वाटायला आणली होती. प्रवासाहून आलं की खाऊ वाटायची इथली रीतच आहे. तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली होती. पुडी बघून तिने घरी वेफर्स तळले आणि प्रत्येक पिशवीत निळ्या कागदाची मिठाची पुडी घातली.

"हेही वाट रे."

ऑफिसातल्या सातो-सानपुढे घरचं ठेवायची मला लाज वाटली. आईच्या पिशव्या मी ड्रॉवरमध्ये कोंबल्या.

संध्याकाळी तिने विचारलं, "त्यांना पुडी सापडली का?"

"हो. सगळ्यांना आवडली."

सकाळी टेबलावर आणखी वीस पिशव्या तयार होत्या.