रकाना अकरावा : निरंक

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"राऊत, या तक्त्याप्रमाणे वऱ्हाडात सगळ्यात हलाखीत कोण आहे, माहीत आहे? अमरावती कॅम्पातले वकील."

"हो सर."

"आणि सगळ्यात सुखी?"

"बाळापूरकडची मळेवाली गावं, सर. नदीपलीकडची."

"तुम्हाला पटतं हे?"

मला पटत नव्हतं. त्यातलंच एक गाव माझं. आमच्याकडे वांगी, मेथी, झेंडू पिकतो, बाजारही बरा भरतो. पण पावसाळ्यात नदी भरली की बाळापूरचा डॉक्टर आम्हाला विलायतेइतका लांब. तरी तक्ता माझ्याच हातचा होता. आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, "बेरीज तीनदा तपासली आहे, सर."

"बेरजेचं मी विचारलंच नाही," साहेब म्हणाले.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि हुकूम नागपूरहून यायचे. मी अमरावतीला एका सरकारी ऑफिसात टॅब्युलेशन क्लार्क होतो. गावोगावहून भरून आलेले फॉर्म वाचायचे, प्रत्येक उत्तराला कोड द्यायचा, म्हणजे ठरलेला आकडा, आणि त्या आकड्यांचा तक्ता करायचा, हे माझं काम. उंटावरून शेळ्या हाकायचाच धंदा, पण अक्षर चांगलं लागतं आणि ते माझं होतं.

त्या साली राहणीमानाची पाहणी निघाली. कोणत्या भागातले, कोणत्या जातीधंद्याचे लोक कितपत बरे राहतात ते मोजायचं आणि एकमेकांशी ताडून पाहायचं. अमरावती, अचलपूर, बाळापूर, धारणी अशी चार ठिकाणं निवडली होती. घरामागे एक फॉर्म, फॉर्मात अकरा रकाने. दहा रकाने सरळ होते: भिंत मातीची की विटांची, धान्य किती महिने पुरतं, अंथरुणं किती. अकराव्यात एकच ओळ होती, 'कुटुंबास जाणवणारी उणीव'. उणिवा जितक्या जास्त, तितके मार्क कमी.

या सगळ्याच्या पोटात एक फिरता दवाखाना होता. एक मोटार, एक डॉक्टर, एक नर्स आणि औषधांच्या पेट्या. दवाखाना एक आणि ठिकाणं चार. ज्याला मार्क सगळ्यात कमी त्याला तो मिळणार होता. अमरावतीत इस्पितळ होतंच, ती वगळली की पुढचा नंबर अचलपूरचा. आमची गावं सगळ्यात मागे, कारण आम्ही सगळ्यात सुखी.

आणि माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचे दिवस श्रावणात भरणार होते. तिचं पहिलं बाळ असंच श्रावणात, नदीकाठी, बैलगाडीत गेलं होतं. पाणी उतरायची वाट पाहत गाडी काठावर उभी होती. हे मला ठाऊक होतं आणि साहेबांना सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, राऊत स्वतःच्या गावासाठी रदबदली करतो.

"मला अकरावा रकाना मूळ फॉर्मात दाखवा," साहेब म्हणाले.

मी दोन गठ्ठे आणले. वकिलांचे फॉर्म पाहण्यासारखे होते. नळाला दिवसभर पाणी नाही, गटार उघडं, विजेचे दिवे नाहीत, क्लबात पुण्याची वर्तमानपत्रं उशिरा येतात. एकाने तर मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं होतं. प्रत्येक उणिवेला कोड होता. पाणी एक, रस्ता दोन, शाळा तीन, दवाखाना चार, दिवाबत्ती पाच. वकिलांच्या घराघराला चार-चार, पाच-पाच कोड पडले होते.

मळेवाल्यांच्या फॉर्मात अकराव्या रकान्यात एखाददुसरा शब्द असायचा. 'माही सून.' 'धाकला भाऊ.' 'लेक.' आणि त्याच्यासमोर लाल शाईत आमचा शेरा: निरंक. ऑफिसात हा शब्द फार चालतो. निरंक म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, पुढे चला.

"हे निरंक कोणी ठरवलं?" साहेबांनी विचारलं.

मी हेडक्लार्क आपटेकाकांकडे पाहिलं. आपटेकाका पुण्याचे. इंग्रजी फॉर्मचं मराठी त्यांनीच केलं होतं. मी नवीन असताना एकदा तोंडातून 'काहून' निघालं, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवून मला 'का' म्हणायला लावलं होतं. तेव्हापासून मी ऑफिसात पुणेरी बोलायचो आणि स्वप्नात वऱ्हाडी. कोडिंगच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, की उत्तरात माणूस आला तर काय करायचं. ते म्हणाले होते, "माणूस ही काय वस्तू आहे? निरंक लिही." मी लिहीत गेलो.

साहेबांनी बाळापूरच्या वानखडे मास्तरांना बोलावून घेतलं. फॉर्म त्यांनीच भरले होते. शाळामास्तर, अंगात बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री. पारसहून गाडी पकडून ते दुसऱ्या दिवशी दुपारी हजर झाले.

"मास्तर, फॉर्मात 'उणीव' असा शब्द आहे. तुम्ही लोकांना काय विचारलंत?"

"पयले उनीवच इचारलं, साहेब. तं बाया माह्या तोंडाकडे पाहे. एक बुढी म्हने, मास्तर, उन्हाचं इचारून राहिले का? मंग मी आपल्या बोलीत इचारलं."

"कसं?"

"माय, घरात काय कमती वाटते?"

आपटेकाका खुर्चीतून निम्मे उठले. "अहो, काय कमी आहे, असं विचारायचं! वाटतं काय, हे कोणी सांगितलं होतं?"

"फारमात 'जानवनारी' लिवलं हाय न जी?" मास्तर शांतपणे म्हणाले. "जानवते म्हंजे वाटतेच. मी काई माह्या घरचं नाई इचारलं."

आपटेकाका बसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी मास्तरांसाठी खुर्ची मागवली.

"पण मास्तर, पूल नाही, रस्ता नाही, हे लोक का बोलले नाहीत?"

"थे कायले सांगतीन? रस्ता कधी नवताच. जे कधी होतंच नाई, थे कमती कसं वाटन? घरातलं मानूस होतं. थे गेलं. थे कमती वाटते."

मग मास्तरांनी फॉर्म उलटून दाखवले. मागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, त्यांनी प्रत्येक माणसापुढे हकिकत टिपून ठेवली होती. आम्ही कोडिंग करताना मागची बाजू पाहिलीच नव्हती, कारण वकिलांच्या मागच्या बाजूने आम्हाला आधीच कंटाळा आणला होता. 'सून बाळंतपणात गेली. नदीस पूर.' 'भाऊ, तापाने. बाळापुरास नेता आले नाही.' 'लेक, साप. गाडी काठावर थांबली.' साहेब एकेक मोठ्याने वाचत गेले. पुढचे फॉर्म मात्र त्यांनी मनातल्या मनात वाचले.

"हा सगळा कोड चार आहे, आपटे," ते शेवटी म्हणाले. "दवाखाना. यांनी सांगितलं होतं. आपल्याला ऐकू आलं नाही."

नवा नियम ठरला. माणूस कशामुळे गेला हे लिहिलं असेल, तिथे त्या कारणाचा कोड द्यायचा. कारण कोणत्याच कोडात बसत नसेल, तिथे निरंक. सगळे फॉर्म नव्याने करायचे आणि तेही मी. मी साहेबांना सांगितलं, की ऑफिसच्या नियमाप्रमाणे क्लार्कने स्वतःच्या गावाचे फॉर्म हाताळायचे नसतात. माझ्या गावाचा गठ्ठा पहिल्या खेपेला दुसऱ्याने केला होता.

"वानखडे मास्तर शेजारी बसतील," साहेब म्हणाले. "ते वाचतील, तुम्ही लिहा."

दोन दिवस आम्ही तसे बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गावाचा गठ्ठा निघाला. मास्तर वाचत होते, मी कोड टाकत होतो. एका फॉर्मपाशी ते थांबले आणि वाचायच्याऐवजी त्यांनी तो माझ्यासमोर सरकवला.

कुटुंबप्रमुख म्हणून माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. उत्तर देणार: आई. अकराव्या रकान्यात लिहिलं होतं, 'मोठा पोरगा. अमरावतीले असते.' मी फॉर्म उलटला. मागे पेन्सिलीने: 'मृत नाही. नोकरीस.'

मी दोन दिवाळ्या घरी गेलो नव्हतो. रजा मिळत नव्हती असं नाही. गेलो की परत येताना फार जड जायचं, म्हणून टाळत होतो. राजापेठेतल्या माझ्या खोलीत सकाळी जाग आली की मला मोटेची करकर ऐकू आल्यासारखी वाटायची आणि उठून बसलं की बाहेर टांगे असायचे. माय मेथीच्या जुड्या बांधते तेव्हा तिच्या हाताला ओल्या मातीचा आणि झेंडूचा मिळून एक वास येतो, तो मी अमरावतीच्या भाजीबाजारात शोधत फिरायचो. हे सगळं मला एकट्यालाच होतं असा माझा समज होता.

"काय लिवता, राऊत?" मास्तरांनी हळूच विचारलं.

पाण्याचा कोड बसत नव्हता, रस्त्याचा नाही, शाळेचाही नाही. उलट शाळा होती म्हणूनच मी गेलो होतो. दवाखाना लिहिला असता तर कोणाला कळलं नसतं आणि गावाला एक मार्कही कमी झाला असता. पण मायनं बाळाचं काही सांगितलंच नव्हतं, ते खोटं झालं असतं. मी लाल शाईत लिहिलं, निरंक. अक्षर चांगलं आलं. मला फार वाईट वाटलं आणि मी पुढचा फॉर्म मागितला.

नव्या तक्त्यात बाळापूरकडची गावं मार्कांत पहिल्यावरून अचलपूरच्याही खाली गेली आणि फिरता दवाखाना त्यांना मंजूर झाला. आपटेकाकांनी त्या पत्राचा मसुदा स्वतः लिहिला आणि मला वाचायला दिला. म्हणाले, "शब्द कुठे अडत असेल तर सांग, राऊत." एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं पहिल्यांदाच विचारलं होतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. धारणीचे फॉर्म तसेच राहिले. तिथे कोरकू बोलतात, म्हणून दुभाष्या म्हणून जंगलाचा गार्ड दिला होता. गार्डासमोर कोण म्हणेल, की आम्हाला काही कमी आहे? तिथे रकाना खरोखर कोरा होता, मागच्या बाजूलाही. साहेबांनी फेरपाहणीचं टिपण पाठवलं, पण त्यांची बदली झाली आणि टिपण कुठे गेलं ते मला कळलं नाही. आमच्या गावांना ऑफिसात आपली बोली कळणारा एक क्लार्क होता, मास्तर होते. धारणीला कोणी नव्हतं.

श्रावणात भावाचं पत्र आलं. नदी भरली होती, पण दवाखान्याची मोटार आमच्याच काठावर मुक्कामाला होती. नर्स वेळेवर पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी पत्र हातात घेऊनच रजेचा अर्ज लिहिला.

बडनेऱ्याहून गाडी, पारसला उतरून टांगा आणि मग, पूर ओसरला होता म्हणून, नावेने नदी. माय मळ्यातच होती. वाफ्यात बसून मेथी उपटत होती. मला पाहून उठली नाही, नुसती म्हणाली, "आला का, बाप्पा." मी तिच्याशेजारी बसलो आणि जुड्या बांधायला लागलो. हात विसरले नव्हते.

चिंचेखाली दवाखान्याची मोटार उभी होती. मायनं तिकडे मान केली.

"थो फारमवाला मास्तर आलता न, त्यानं लिवून नेलं तसा दवाखाना आला पाह्य. मले वाटे, सरकार नुसतं लिवते."

"तू काय लिहायला सांगितलंस त्याला?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"मी म्हटलं, मोठा पोरगा कमती वाटते. तं थो म्हने, माय, त्याले तं पगार हाय, मंग कमती कायची? म्हटलं, तुले काय लिवाचं थे लिव बाप्पा, मी तं हेच सांगतो." तिने जुडी टोपलीत ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू तं त्याच हापिसात असते. मंग काय लिवलं सरकारनं?"

"तू सांगितलं तेच लिवलं, माय," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी माझ्या तोंडातून 'लिवलं' निघालं.

तिने मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दवाखाना तं धाडला," ती म्हणाली. "मंग तुलेही धाडतीन का?"

मी म्हटलं, "पाहू." रविवारी संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परत आलो.

पुढे मी तीस वर्षं नोकरी केली, आणखी पुष्कळ पाहण्या झाल्या. हाताखालच्या नव्या क्लार्कांना मी एवढंच सांगत आलो. फॉर्मची मागची बाजू वाचत जा. आणि कोणाला काय कमी आहे असं विचारताना जपून विचारा. तुम्हाला रकाना भरायचा असतो, पण समोरच्या माणसाला वाटतं, आता ते येणार.