आचलची तहान

सकाळी भंडाऱ्याहून साकोलीची बस धरली. कारध्याच्या पुलावर आलो तेव्हा खाली वैनगंगा गढूळ पाण्याने तुडुंब चालली होती. शेजारी सुनंदाताई बसल्या होत्या. वय पन्नाशीचे, मांडीवर कापडी पिशवी. अपंग मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांना आधार द्यायचा, हे काम त्या आणि आणखी चार पालक करतात. त्यांच्या मुलीला, पल्लवीला, जन्मापासून अपंगत्व, एवढेच मला ठाऊक होते. ती आता कशी आहे, असे विचारले तर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

माझा ओंकार अकरा वर्षांचा. चालत नाही, बोलत नाही. साताऱ्यात आम्हा पालकांची संघटना आहे, मी तिचा सचिव. असे काम आमच्याकडे सुरू करायचे, म्हणून पाहायला आलो होतो.

साकोलीहून ऑटो केला. एकोडीजवळ चाक चिखलात रुतले, ढकलताना माझी चप्पल तुटली. ऑटोवाल्याला थांबायला सांगून अनवाणीच धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) निघालो. दोन्हीकडे रोवणा (भाताची लावणी) चालू होता. वाकलेल्या बायकांतून एक जण ताईंना पाहून बाहेर आली. ती मंदा. तिच्याच घरी जायचे होते.

पडवीत बाजेवर तिची नऊ वर्षांची आचल पडली होती. उशाशी थकलेली सासू. आचलचे ओठ फुटले होते. ताईंनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच राहिली. त्यांनी पाणी मागितले. मंदा जागची हलली नाही.

"दिवसा पाणी देत नाही तिले," ती म्हणाली. "ओली झाली तं तशीच पडून रायते. सासूले उचलता येत नाही. मले रोवण्याले जावंच लागते."

मला राग आला. अशाने पोरीचा जीव जाईल, असे मी बोलून गेलो. मंदाने मान खाली घातली. ताईंनी मला हातानेच गप्प केले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"मी बी पल्लवीले असंच ठेवत होती. चार साल. ती मागत नव्हती, मंग मले वाटे तिले तहानच नाही. किडन्या खराब झाल्या. गेली ती."

पल्लवी गेल्याचे मला तेव्हा कळले.

ताईंनी आचलला उठवून छातीशी टेकवले, हनुवटी किंचित खाली धरली आणि चमच्याने पाणी दिले. पहिल्या घोटाला तिला ठसका लागला. मग मात्र चमचा लांबून दिसताच ती तोंड उघडू लागली. मंदा बघत होती. एकदम तिने पदर तोंडात कोंबला.

पोरीच्या अंगात ताप होता. त्याच ऑटोतून तिला साकोलीच्या दवाखान्यात नेले. सलाइन लागले. लघवीच्या जागी जंतूंची लागण झाली आहे, किडनीचे तपासून सांगतो, असे डॉक्टर म्हणाले. बाकावर मंदाने शेतावरचा आपला डबा आमच्यापुढे सरकवला: भात आणि लाखोळीच्या डाळीचे वरण. ती स्वतः जेवली नाही. पोरगी घरी आली की रोवणा संपेपर्यंत मी एक दिवसाआड येत जाईन, असे ताईंनी तिला सांगितले. मग माझ्याकडे वळून साधेपणाने विचारले, "तुमचा ओंकार दिवसातून कितीदा पाणी पिते?"

ते सगळे त्याची आई बघते, असे मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा आचलचा ताप उतरला नव्हता.

घरी पोचल्यावर बायकोच्या हातून पाण्याची वाटी घेतली आणि ओंकारसमोर बसलो. त्याने तोंड मिटून घेतले. अकरा वर्षांत माझ्या हातून तो कधी पाणी प्यायला नव्हता. पालकांनी काय करावे, हे मी दर सभेत सांगत आलो होतो.

आठ दिवसांनी ताईंचा फोन आला. आचल घरी आली आहे, पण किडन्यांची खात्री डॉक्टर देत नाहीत. ताई एकोडीच्याच वाटेवर होत्या.

सभेसाठी अहवाल लिहायचा आहे, तो अजून झालेला नाही. सकाळी ओंकारला पाणी मी पाजतो. निम्मे सांडते.